चौथ्या डब्यातली सही

सावरतळ्याच्या फाटकाशी एक पाटी आहे. 'तलावात मगर आहे. पाण्यात उतरू नये. फुले तोडू नयेत.' मगर आणि फुलं एकाच पाटीवर बसवणारा माणूस सरकारी असणार, असं मी सहदेवला म्हटलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाटी पुन्हा वाचली.

"फुलं तोडली तर दंड आहे," तो म्हणाला. "मगरीने तोडलं तर काही नाही."

सप्टेंबर संपत आला होता. मंगळवारची दुपार, दीडचा सुमार. मुलुंडचा डोंगर अर्ध्यापासून वर ढगात गेलेला, आणि खाली तळ्याचं पाणी पाटीवरच्या रंगासारखं काळपट. आत शिरणारे आम्ही दोघंच होतो. फाटकावरच्या अंबादासने आमच्याकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं, आणि आभाळाबद्दल काही बोलला नाही.

माझी मुलगी गंधाली या उद्यानातलं निसर्ग केंद्र चालवते. वर्षापूर्वी तिने तळ्याभोवतीच्या जंगलात आठ डबे लपवले. हा खेळ जगभर चालतो म्हणे. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, त्यांवरून माग काढत जायचं, झाडाच्या ढोलीत किंवा दगडाखाली ठेवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत तारीख-वेळ घालून सही करायची, डबा होता तिथे ठेवायचा आणि परत यायचं. हाती काही लागत नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या दोन माणसांना हा खेळ पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला.

गंधालीचा नियम मात्र एकच होता. "सही ज्याची त्याने करायची, बाबा. वहीवर विश्वास नसेल तर खेळच नाही." आठही डबे पूर्ण करणाऱ्यांची नावं वन्यजीव सप्ताहात केंद्राच्या भिंतीवर लागणार होती. सहदेवला ते हवं होतं. त्याचं नाव आजवर फक्त लाइटबिलावर छापून आलंय, असं तो म्हणायचा. आमचे सहा डबे झाले होते. चौथा आणि पाचवा राहिले होते, आणि सप्ताह पुढच्या आठवड्यावर आला होता.

चौथा तळ्याच्या पश्चिम काठाला, पाचवा बरोबर समोर पूर्वेला, जुन्या पंपघराच्या विहिरीजवळ. पाण्यावरून पाहिलं तर हाकेच्या अंतरावर. पायवाटेने मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जायला सव्वा तास.

"दोघांनी दोन्हीकडे कशाला जायचं?" सहदेव म्हणाला. त्याच्या हातात डब्यांच्या यादीची छापील प्रत होती. मोबाइलवर त्याचा विश्वास नाही. महिन्यापूर्वी त्याने सगळी माहिती सायबर कॅफेतून छापून आणली होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती. "तू चारला जा. मी पाचला. दोघांच्या सह्या मारू. चार वाजता फाटकावर."

"गंधालीला कळलं तर?"

"आपल्या साहेबाला एकोणतीस वर्षांत कळलं?"

हे खरं होतं. नोकरीची शेवटची एकोणतीस वर्षं सहदेव परब आणि मी वांद्र्याच्या एका कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. तो भांडुपहून यायचा, मी मुलुंडहून. साडेदहाला हजेरीचं मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, म्हणून आधी पोचेल त्याने दोघांच्या सह्या करायच्या, हा आमचा रिवाज. त्याच्या सहीत 'स'चं शेपूट खाली ओढलेलं आणि त्याखाली दोन ठिपके. मी ती त्याच्यापेक्षा चांगली करतो. एकदा बँकेने त्याची सही जुळत नाही म्हणून परत पाठवली होती. खात्याचं नमुना कार्ड मीच भरून दिलं होतं.

"चल मग," मी म्हटलं.

वाट फुटते तिथे तो डावीकडे वळला. छत्रीच्या टोकाने तेरड्याची झुडपं बाजूला करत गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. चार वाजता भेटायचंच होतं.

पश्चिमेची वाट बांबूतून जाते. आत शिरलं की मुलुंड ऐकू येत नाही, आणि हे उद्यानाच्या माहितीपत्रकात गुण म्हणून छापलेलं आहे. त्या दुपारी पक्षीही ऐकू येत नव्हते. पाण्याच्या कडेला एका खडकाखाली डबा मिळाला. वही काढली. दोन चाळीस. माझी सही केली, खाली सहदेवची. शेपूट, दोन ठिपके. काठावर गुडघाभर गवत सरळ उभं होतं. मी डबा ठेवला आणि जरा घाईनेच निघालो. का, ते सांगता येणार नाही. पाणी फार शांत होतं, एवढंच.

चार वाजता फाटकावर सहदेव नव्हता.

सव्वाचारलाही नव्हता. फोन बंद. यात नवल काही नव्हतं, बॅटरी वाचवण्यासाठी तो फोन बंद करूनच खिशात ठेवतो. साडेचारला अंबादासने विचारलं, "तुमचे सोबती?"

"येईल. चहा प्यायला बाहेर गेला असेल."

"बाहेर जायला एकच फाटक आहे, साहेब. त्यावर मी आहे."

त्याने केंद्रात फोन लावला. पाच मिनिटांत गंधाली आली. पायात गमबूट, गळ्यात शिटी. सोबत वनखात्याचे दोघं कामगार होते.

"बाबा, शेवटचे दोघं एकत्र कुठे होता?"

आता या प्रश्नाचं उत्तर तीन शब्दांचं होतं: वाट फुटते तिथे. पण त्यापुढे ती विचारणार होती, का. आणि सहदेव तर दहा मिनिटांत येणारच होता, छत्री झटकत, चिखलाच्या बुटांनिशी. दहा मिनिटांसाठी मुलीसमोर, दोन कामगारांसमोर आणि अंबादाससमोर स्वतःला लबाड कशाला ठरवून घ्यायचं, असा हिशेब मी केला.

"चार नंबरला," मी म्हणालो.

"मग?"

"तो म्हणाला, तू हो पुढे. मी जरा पक्षी बघतो."

सहदेवला कावळा आणि कोंबडी सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नाही. गंधालीला हे माहीत होतं. तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "चला."

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. गंधालीने खडकाखालून डबा काढला, वही उघडली, आणि त्या पानावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं.

"दोन चाळीस. बाबांची सही. काकांची सही. म्हणजे दोन चाळीसला काका इथेच होते. इथून पुढे शोधायचं."

तिच्या आवाजात जो विश्वास होता तो मी तिला लहानपणी कधी देऊ शकलो नव्हतो. आता दिला होता, आणि तो खोट्या सहीवर उभा होता.

"साहेब," अंबादास म्हणाला. तो पाण्याकडे बघत होता.

काठावरचं गवत आडवं झालं होतं. पाऊणेक हात रुंद पट्टा, पाण्यातून वर आलेला आणि थोडं वळून पुन्हा पाण्यात गेलेला. मधे ओल्या चिखलावर काहीतरी जड घासत नेल्यासारखी चकाकी. अडीच तासांपूर्वी मी त्याच जागी उभा होतो आणि गवत सरळ होतं.

एक कामगार दोन पावलं मागे सरकला. गंधालीचा हात शिटीवर गेला आणि तिथेच राहिला.

"काकांनी कसले कपडे घातले होते?" तिने विचारलं.

"पांढरा शर्ट."

मी त्या पट्ट्याकडे पाहत होतो. सहदेव इथे आलाच नव्हता, हे पृथ्वीवर एका माणसाला माहीत होतं आणि तो मी होतो. तरी मी चिखलात पांढऱ्या शर्टाची चिंधी शोधू लागलो. वहीत त्याची सही होती ना. तारीख होती, वेळ होती. ज्याची सही मी स्वतःच्या हाताने केली तो माणूस इथून पाण्यात गेला, हे मला पटत चाललं होतं. कदाचित तो माझ्या मागे आला असेल. कदाचित त्याला एकट्याने जायची भीती वाटली असेल. कागद इतका स्वच्छ होता की त्याच्यापुढे माझी स्वतःची आठवण मला लबाड वाटू लागली.

ते काठाकाठाने हाका मारत निघाले. "सहदेवकाकाऽऽ." दर हाकेनंतर थांबायचं, ऐकायचं. तिसऱ्या की चौथ्या हाकेला पलीकडून काहीतरी परत आलं. लांबट, तुटक.

"ऐकलंत?" मी म्हटलं.

"समोर कडा आहे," अंबादास म्हणाला. "आपलाच आवाज परत येतो."

त्यांनी दुसरी हाक मारली. पुन्हा परत आलं, थोडं उशिरा. आमच्या हाकेत 'काका' होतं, परत आलेल्या आवाजात नव्हतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. तोवर मला इतक्या गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या की एकीने सुरुवात केली असती तर बाकीच्याही बाहेर आल्या असत्या.

पाऊस नव्हता, पण डोंगरावर पडत होता. ओहोळांचा आवाज वाढला होता. गंधालीने पोलिसांना फोन केला. "मगरीची शक्यता आहे," असं ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज अधिकाऱ्याचा होता, फक्त शेवटच्या शब्दाला मुलीचा झाला. सहदेवच्या खांद्यावर बसून तिने पहिला गणपती पाहिला होता.

सहाला पाच कमी असताना मला धीर झाला. अर्धा धीर.

"गंधाली, पाच नंबरलाही बघून घ्यायला हवं. तिकडे गेला असेल एखादवेळी."

"पाच नंबर बंद आहे, बाबा. शनिवारपासून. ॲपवर टाकलंय मी. विहिरीच्या कठड्याचे दगड सुटलेत आणि ओहोळाचं पाणी आत उतरतंय. डबा अजून उचलून आणायचा राहिलाय, पण कोणी जाणार नाही तिकडे."

माझ्या डोळ्यांसमोर प्लॅस्टिकच्या पिशवीतली छापील यादी आली. महिन्यापूर्वीची.

"तो तिकडेच गेलाय," मी म्हणालो.

"कसं शक्य आहे? दोन चाळीसला इथे होते, त्यानंतर—"

"इथे नव्हता. ती सही मी केली. आम्ही वाट फुटते तिथेच वेगळे झालो, दोन वाजता."

कोणीतरी ओरडेल असं मला वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. गंधालीने हातातली वही उघडली, ते पान पुन्हा पाहिलं, त्यातलं एखादं अक्षर चुकलं असेल म्हणून शोधल्यासारखं, आणि वही मिटली.

"दीड तास झाला," अंबादास म्हणाला. माझ्याकडे बघून नव्हे, घड्याळाकडे बघून.

मग ते पळाले. गंधाली सगळ्यांत पुढे. पळता पळता ती अग्निशमन दलाला फोनवर विहिरीची जागा सांगत होती, अक्षांश, रेखांश, दशांश चिन्हांसकट. मी मागून जात होतो. चौसष्टाव्या वर्षी पळता येत नाही, हे मला वाटेत कळलं. तळ्याला वळसा घालून पूर्वेला आलो तेव्हा उजेड राखाडी झाला होता आणि झाडांच्या मधल्या जागा झाडांएवढ्याच काळ्या.

विहीर दगडी, गोल, दोन पुरुष खोल. कठड्याला एका बाजूने खिंडार पडलं होतं. खिंडाराजवळ गवतात डबा, त्यावर पेन, आणि उघडी वही. गंधालीने बॅटरी मारली. दोन पंचावन्न. सहदेव परब. खाली माझी सही, माझ्याही हातून इतकी नीट होत नाही अशी. कठड्यावर बसून त्याने माझं काम आधी पुरं केलं होतं. मग दगड सुटले होते.

बॅटरीचा झोत आत गेला. पाणी छातीपर्यंत. पांढरा शर्ट. एका हाताने भिंतीतली लोखंडी कडी धरलेली, दुसरा हात पाण्यात. चष्मा नव्हता. त्याने वर पाहिलं आणि उजेडाने डोळे मिटले.

"आलात," तो म्हणाला. आवाज घोगरा.

एका भिंतीतल्या पाटातून डोंगराचं पाणी बारीक धारेने आत पडत होतं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि पडलेल्या दोन दगडांत अडकला होता. अंबादासने छडी टाकून खोली पाहिली आणि गंधालीकडे बघून मान हलवली. दोराने नुसतं ओढून जमणार नव्हतं. आधी दगड हलवायला माणूस खाली उतरायला हवा होता, आणि त्यासाठी शिडी. गंधाली आणि कामगार शिडी आणायला केंद्राकडे पळाले. अंबादास दलाच्या गाडीला वाट दाखवायला रस्त्याकडे निघाला.

"साहेब, बोलत राहा त्यांच्याशी," तो जाताना म्हणाला. "गप्प होऊ देऊ नका. गप्प झाले की हात सुटतो."

मी खिंडारापासून हातभर अंतरावर पोटावर पडून बॅटरी खाली धरली.

"सहदेव. बोल काहीतरी."

"काय बोलू. थंडी वाजतेय, मेल्या." दात वाजत होते. "पाणी गुडघ्याला होतं आधी. तीन वाजता. मग तुमचे आवाज आले."

"कधी?"

"पाचच्या पुढे. पलीकडून. गंधाली हाका मारत होती. मी प्रत्येक हाकेला ओ दिली. घसा गेला ओ देऊन." तो थांबला. पाण्याच्या धारेचा आवाज येत राहिला. "मग आवाज लांब लांब गेले. तिकडेच, काठाने. मी म्हटलं, हे तिकडे काय शोधतायत? मग म्हटलं, जाऊ दे, मध्या आहे त्यांच्यात. त्याला माहीत आहे मी कुठे आहे. तो सांगेल. म्हणून धरून राहिलो."

"धरून राहा. गाडी निघालीय."

"मध्या."

"बोल."

"तू कधी सांगितलंस त्यांना?"

तो अंतर मोजत होता, हे मला दिसत होतं. पलीकडून इथवर यायला किती लागतं, ते त्यालाही ठाऊक होतं. आताच सांगितलं असं म्हणता आलं असतं. गंधालीने ऐकलंच नाही, असंही. त्याचा हात कडीवर होता आणि हात सुटू नये एवढंच माझं काम होतं.

"सहाला पाच कमी असताना," मी म्हणालो.

"आणि मी आलो नाही ते कधी कळलं?"

"चारला."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"सहदेव, बोल रे. शिव्या घाल. काहीही बोल."

खाली फक्त श्वास ऐकू येत होता. नाकातून, मोजून घेतलेला. मी त्याच्या बायकोचं, प्रेमावहिनींचं नाव घेतलं, त्याच्या गावचं नाव घेतलं, कचेरीतल्या मेलेल्या शिपायांचीसुद्धा नावं घेतली. तो एकाही नावाला ओ देत नव्हता. बॅटरीच्या उजेडात त्याचा हात कडीवर तसाच होता, बोटं पांढरी, आणि तोंड भिंतीकडे. पाणी काखेला लागलं तेव्हा त्याने हनुवटी वर केली. तीही माझ्याकडे न बघता.

शिडी आली, मग गाडी आली. दलाचा एक जवान खाली उतरला, बुडी मारून त्याने दगड सरकवले. वर घेताना सहदेव एकदाच ओरडला. स्ट्रेचरवर घालून सहा जणांनी त्याला रस्त्यापर्यंत नेलं. मी छत्री उचलून मागे चाललो, त्याचीच, गवतात पडलेली.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, "सोबत एकजण चालेल. कोण येणार?"

मी पायरीवर पाय ठेवला.

सहदेवने डोळे उघडले. चष्म्याशिवाय त्याला कोण दिसत होतं कोण जाणे. पण तो बरोबर तिच्याकडे वळला.

"गंधाली, तू ये," तो म्हणाला.

मी पाय खाली घेतला. दार लागलं. गाडी वळून गेली आणि रस्ता पुन्हा काळा झाला.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. प्रेमावहिनी.

"भावजी, ह्यांचो फोन लागणा नाय. तुमच्यासोबत आसत ना?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "दोन वाजल्यापासून नाहीत."

मग सगळं सांगितलं. डबे, सह्या, गवत, दीड तास. मोडलेल्या पायापासून नाही, वाट फुटते तिथपासून. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"खंयच्या हास्पिटलात नेलानी?" त्यांनी विचारलं.

मी ते विचारलंच नव्हतं.